भिंत पडली, घर सावरलं

रायपूरच्या जुन्या वस्तीतलं एक मराठी घर. वरती दोन दरवाजे, दोन चुली आणि खाली मात्र एकच तळघर. त्या तळघराची भिंत भर पावसात कोसळली आणि चौदा वर्षं टाळलेला प्रश्न सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला : ही भिंत नेमकी कोणाची?

रात्रीचे अडीच वाजले असतील. १४ ऑगस्ट २०२२ ची रात्र सरून स्वातंत्र्यदिनाची पहाट व्हायची होती. राखीपौर्णिमा आणि पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या, म्हणून आम्ही मुंबईहून रायपूरला, माझ्या सासरी आलो होतो. तीन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. अचानक घराच्या पोटातून आवाज आला. वीज पडल्यासारखा कडकडाट नव्हे. तांदळाची पोती एकामागून एक आपटावीत तसा जड, दबका आवाज. पलंग हलला, फडताळातली भांडी वाजली आणि पाठोपाठ जिन्यातून ओल्या मातीचा वास वर आला.

सासरे विजेरी घेऊन तळघराच्या जिन्याशी पोचले. त्याच वेळी पलीकडच्या दारातून माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे काका, आपली विजेरी घेऊन आले. दोघे सख्खे भाऊ. सणासुदीला नमस्कार-चमत्कार, लग्नकार्यात शेजारी शेजारी बसणं, एवढंच काय ते बोलणं उरलेलं. अपरात्री असे समोरासमोर उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

''दादा, खाली उतरू नको,'' काका म्हणाले.

पुढच्या तीन महिन्यांत त्या घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. पण याहून शहाणपणाचा सल्ला दुसरा कोणी दिला नाही. कारण पंधराच मिनिटांत भिंतीचा उरलेला एक लचका जिथे जिना संपतो तिथेच येऊन पडला!

भोसल्यांबरोबर आलेली माणसं

रायपुरात मराठी माणूस नवा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत फौज घेऊन छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून इथला कारभार पाहू लागले. फौजेमागून कारकून आले, पुजारी आले, पुढे शिक्षक आणि वकील आले. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तरी ही घरं परत गेली नाहीत. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे साथी वामनराव लाखे ही या मातीत रुजलेली मराठी माणसंच. लाख्यांच्या नावाचं लाखेनगर रायपुरात आहे. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतून फिरलात तर दारांवरच्या पाट्यांवर ओळखीची आडनावं भेटतात. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. घराघरातली मराठी नागपुरी हेलाची, आणि मध्येच छत्तीसगढीकडे वळणारी!

आमचं घर अशाच एका गल्लीत. आजेसासऱ्यांनी १९५० च्या दशकात बांधलेलं. रायपूरच्या आसपास निघणारा चुनखडीचा दगड, वर सालाच्या लाकडाच्या तुळया आणि मागच्या खोलीखाली तळघर. वर्षाचा तांदूळ तिथे राहायचा. मे महिन्यात पारा चढला की दुपारच्या झोपेला सगळं घर तिथेच उतरायचं.

२००८ साली वाटणी झाली. माजघरात विटांची भिंत उभी राहिली, विजेचे मीटर दोन झाले. तळघराचे दोन भाग करता येईनात, म्हणून कागदावर लिहिलं गेलं 'सामायिक'. या एका शब्दाने पुढे केवढा घोळ घातला! सामायिक म्हणजे दोघांची. आणि दोघांची म्हणजे, व्यवहारात, कोणाचीच नाही.

पोट आलेली भिंत

भिंत एका रात्रीत पडली असं आपण म्हणतो. खरं तर ती चार वर्षं पडत होती. आधी दगडांच्या सांध्यांवर पांढरा लोणा फुलला. मग दर पावसाळ्यात तळाशी ओल दिसू लागली. मग भिंतीला पोट आलं. म्हणजे वरचा आणि खालचा भाग जागेवर आणि मधला भाग आतल्या बाजूला फुगलेला. सासूबाईंनी तो पाहिला होता. पलीकडच्या काकूंनीही पाहिला होता. दोघींनी आपापल्या नवऱ्याला सांगितलं होतं. आणि दोघांनीही एकच विचार केला : आपण विषय काढला तर खर्च आपल्याच गळ्यात पडेल.

पंधरा तारखेला सकाळी ओळखीतल्या इंजिनीयर बाई आल्या. त्यांनी आधी घरातली वीज बंद आहे ना, गॅसचा सिलिंडर मागच्या खोलीतून हलवला आहे ना, हे विचारलं. नंतर त्या तळघरात नव्हे, मागच्या अंगणात गेल्या. भिंत आतून पडली तर तुम्ही बाहेर काय बघता, असं मला वाटलं. पण भिंत पाडणारं कारण बाहेरच होतं!

''हा गच्चीच्या पाण्याचा पाइप कोणाचा?'' त्यांनी विचारलं.

पाइप बरोबर भिंतीच्या माथ्याशी, मातीत मोकळा सोडला होता. वाटणीनंतर गच्चीचं पाणी आपापल्या बाजूला वळवलं गेलं, तेव्हाची ती सोय.

''आणि या केळी?''

पाइपापासून सहा फुटांवर केळीचं बन होतं. त्याला रोज दोन वेळा पाणी जायचं.

अंगणात मिनिटभर कोणी बोललं नाही. मग सासरे म्हणाले, ''पाइप माझा.'' त्यांच्या मागून काकूंचा आवाज आला, ''केळी मी लावल्यात.''

आज मागे वळून बघताना वाटतं, ती भिंत खरी उभी राहायला सुरुवात झाली ती या दोन वाक्यांपासून. चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तर इतक्या लवकर आणि इतक्या सरळ मिळालं की भांडायला काही उरलंच नाही.

पाण्याचा रेटा

जमिनीवरची भिंत वरून येणारं ओझं झेलते. तळघराच्या भिंतीला मात्र वरच्या ओझ्याबरोबर बाजूच्या मातीचा आडवा रेटाही सोसावा लागतो. इंजिनीयर बाईंनी हिशेब मांडून दाखवला. आठ फूट उंच भिंतीमागे मुरमाड भराव असेल आणि तो कोरडा असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेदोन टन रेटा येतो. तोच भराव पाण्याने काठोकाठ भरला तर रेटा साडेतीन टनांच्या वर जातो. म्हणजे दुपटीहून जास्त! हा रेटा जसजसं खाली जावं तसतसा वाढत जातो.

त्यात मातीचा स्वभाव. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो : पिवळसर मटासी, काळी चिकण कन्हार, दोहोंच्या मधली डोरसा आणि खडकाळ लाल भाठा. आमच्या अंगणात वरचा भराव उकरला की काळी कन्हार लागते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतो. मग तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला ढकलू लागते. दरवर्षी थोडी थोडी. पाण्याला बाहेर पडायला वाट नसली की एक दिवस ते स्वतःच वाट करून घेतं.

पडलेला भाग बारा फूट लांब, आठ फूट उंच. भिंत दीड फूट जाडीची. म्हणजे दीड ब्रासच्या आसपास दगडकाम आणि वजन नऊ-दहा टन. वर मागच्या खोलीच्या तुळया निम्म्या आधाराविना लोंबकळत होत्या. त्याच दिवशी लोखंडी टेकू मागवले गेले. मातीत रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली जाड फळ्या घातल्या आणि एकेक तुळई पेलून धरली. हे काम घरच्यांनी केलं नाही. इंजिनीयर बाईंनी पाठवलेल्या माणसांनी केलं आणि ते झाल्याशिवाय कोणाला खाली पाऊल टाकू दिलं नाही. घरच्यांनी एवढंच केलं : पाइप कापून पाणी गल्लीतल्या गटारात वळवलं, केळी काढल्या आणि उघड्या पडलेल्या मातीवर ताडपत्री बांधली.

भिंत लगेच बांधायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. ''पावसात बांधाल तर ओल्या मातीसमोर ओली भिंत उभी राहील. दिवाळीपर्यंत थांबा,'' बाईंनी बजावलं. एका ठेकेदाराने मात्र तळघर मुरूम टाकून बुजवून टाका, असं सुचवलं. स्वस्तातला मार्ग होता आणि चुकीचाही नव्हता. दोन दिवस त्यावर विचार झाला. अखेर काका म्हणाले, ''वडिलांनी खणलं, आपण बुजवायचं?'' तिथे तो विषय संपला. राहिला प्रश्न पैशांचा. सामान आणि कारागीर यांचा खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. मजुरी परवडणारी नव्हती. ती घरच्यांनी करायची.

तिजाला आलेल्या लेकी

छत्तीसगडात पोळ्यानंतर तीजा येते. आपली हरतालिका तीच ही. पण इथे तिचा थाट वेगळा. लग्न झालेल्या लेकीने त्या दिवशी माहेरीच असायचं, भावाने किंवा वडिलांनी तिला आणायला जायचं, ठेठरी-खुरमी तळायची, असा रिवाज आहे. इथल्या मराठी घरांनीही तो केव्हाच आपलासा केलाय. २०२२ मध्ये ३० ऑगस्टला तीज होती. दुर्ग, बिलासपूर आणि नागपूरहून आमच्या नणंदा आल्या. सोबत नवरे आले, मुलं आली आणि आल्या आत्याबाई. या दोन्ही भावांची थोरली बहीण.

तोवर मी मुंबईत परतले होते. नवरा मात्र रजा वाढवून तिथेच राहिला होता. त्याच्याकडून रोज फोनवर वृत्तांत कळायचा. एका दिवशी तर हसावं की रडावं कळेना. निर्जळी उपवास असलेल्या बायका अंगणात बसून पुरुषांना दगड कसे उचलायचे ते सांगत होत्या!

टेकू भक्कम आहेत याची खात्री झाल्यावर ढिगारा उपसण्याचं काम सुरू झालं होतं. रांग लावायची, हातातून हातात दगड द्यायचा. खाली फक्त तिघे, डोक्याला हेल्मेट, पायात जाड बूट. पोरांना जिन्याच्या खाली मज्जाव. वर आलेल्या दगडांची वर्गवारी आत्याबाईंनी केली. खुर्ची टाकून त्या बसल्या आणि काठीने दाखवत राहिल्या : हा कोपऱ्याचा, हा दर्शनी, हा आतला, हा टाकाऊ. दगडांची एवढी पारख कुठून आली? तर लहानपणी आजोबांनी घरावर पाणी मारायला याच भावंडांना लावलं होतं. आत्याबाई तेव्हा परकऱ्या होत्या, त्यांच्या आठवणीत घडाईचे दगड आणि मिस्त्रीच्या शिव्या दोन्ही शिल्लक होत्या.

ढिगाऱ्यात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. भिंत दीड फूट जाडीची, पण एकही दगड दीड फूट लांबीचा सापडला नाही. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये कपच्या व चिखल. दोन भिंती एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या. त्यांना धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

औशाच्या मावशींचा जोडदगड

हे ऐकून माझ्या चुलत जाऊबाई म्हणाल्या, ''आईला बोलवू या. तिने हे सगळं पाहिलंय.''

त्यांचं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. किल्लारीही त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव झोपलेलं आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. हजारो माणसं आपल्याच घरात गाडली गेली. तिथली जुनी घरंही दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड धाबं. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर सुटे झाले, फुगले आणि कोसळले. आमच्या तळघरात पाण्याने जे चार वर्षांत केलं, ते तिथे भूकंपाने काही क्षणांत केलं होतं.

भूकंपानंतर काही गावं नव्या जागी वसवली गेली. त्याहून कितीतरी जास्त, सुमारे दोन लाख घरं अशी होती की ती पूर्ण पडली नव्हती. ती दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या कार्यक्रमात राज्य सरकारने हे काम ठेकेदारांकडे न देता घरमालकांवरच सोपवलं. अनुदान त्यांना, देखरेख इंजिनीयरांची. पण गावातल्या माणसाला हे समजावणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे आल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. अनुदान कसं मिळतं, सिमेंटचं प्रमाण काय, भिंतीत पोलादी पट्टी कुठे घालायची, हे त्या घरोघरी जाऊन सांगत. जाऊबाईंची आई त्यातलीच एक.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मावशी आणि त्यांचे यजमान रायपूरला उतरले. व्याह्यांना अंगणात दगड उचलायला कसं लावायचं, म्हणून काका अवघडले होते. पण मावशींनी आल्या आल्या पदर खोचला. ''अहो, यात मानपान कसला? आमच्याकडं नांगरटीला इर्जिक घालतात. शेजारीपाजारी बैलं घेऊन येतात, ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. तुम्ही पुरणपोळी घाला म्हणजे झालं!''

त्यांनी शिकवला तो जोडदगड. भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाणारा दगड. याच १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकात दगडी भिंतीसाठी नियम दिलाय : उंचीत दर ६० सेंटीमीटरवर आणि लांबीत फार तर १.२ मीटरवर एकेक जोडदगड हवाच. इतका लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा पाडून घ्यायचा, मध्ये लोखंडी सळई घालून.

इंजिनीयर बाईंच्या नव्या आराखड्यात भिंत पायाशी अडीच फूट आणि माथ्याशी दीड फूट रुंद होती. त्यामुळे दर थराला जोडदगडाची लांबी वेगळी. असे सोळा जोडदगड लागणार होते. अंगणात लाकडी साचे मांडले गेले. सासूबाई आणि काकू, ज्यांनी चौदा वर्षांत एका कढईत भाजी केली नव्हती, त्यांनी एका घमेल्यात काँक्रीट कालवलं. मुलांनी साच्यांना तेल पुसलं आणि प्रत्येक दगडावर ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने आकडा कोरला. मग तीन आठवडे ओली पोती घालून सकाळ-संध्याकाळ पाणी. ते काम शाळकरी मुलांकडे. वही करून त्यांनी पाळ्या लावल्या होत्या आणि एकही पाळी चुकली नाही.

मिस्त्रीने काम थांबवलं

भाऊबीज झाली आणि मी दहा दिवसांची रजा काढून रायपूरला थांबले. बांधकामाला एक अनुभवी मिस्त्री आणि दोन रेजा ठरवल्या होत्या. छत्तीसगडात बांधकामावर काम करणाऱ्या बाईला रेजा म्हणतात आणि डोक्यावरून विटा-दगड वाहण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. बाकी सगळे आम्ही.

पहिल्याच दिवशी घरच्या मदतीचा धोकाही कळला. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला खणायचं होतं. उत्साहाच्या भरात घरातल्या तरुण मुलांनी सरळ खाली, विहिरीसारखा खड्डा मारला. दुपारी सगळे जेवायला वर आले. भात वाढत असतानाच बाहेर धप्प आवाज झाला. खड्ड्याची एक बाजू ढासळली होती. जिथे माझा पुतण्या अर्ध्या तासापूर्वी उभा होता, तिथे छातीइतकी माती!

मिस्त्री ताटावरून उठला. त्याने फावडी गोळा केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. काम बंद. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड असते, तिच्याखाली सापडलेल्या माणसाला छाती फुगवून श्वासही घेता येत नाही, हे इंजिनीयर बाईंनी नंतर समजावलं. दुसऱ्या दिवशी खड्डा पायऱ्या-पायऱ्यांनी, वर रुंद आणि खाली अरुंद असा पुन्हा खणला गेला. आमचा दीड दिवस गेला. पुतण्याची आई मात्र त्या रात्री जेवली नाही. आपल्या माणसांच्या कामात 'होईल काही नाही' हा भरवसा असतो. तोच घात करतो.

मग भिंत चढू लागली. एका दिवसात तीन फुटांपेक्षा जास्त नाही, हा नियम. प्रत्येक दगड धुऊन, ओला करून. सिमेंट एक भाग, वाळू सहा भाग. मुलं आकडे ओरडत जोडदगड आणायची. जुन्या भिंतीचे जे तुकडे दोन्ही बाजूंना उभे होते, त्यांना मावशींनी किल्लारीची युक्ती लावायला सांगितली. एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वळवलेली सळई त्यात ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. जुनी भिंत न पाडता तिचे दोन थर एकमेकांना बांधले गेले.

नऊ दिवसांत भिंत माथ्याला भिडली. मिस्त्री मात्र समाधानी नव्हता. भिंतीमागच्या खड्ड्याकडे बोट दाखवून तो दोन्ही भावांना म्हणाला, ''पानी ला रद्दा देवव, मालिक.'' पाण्याला रस्ता द्या. तेच सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. भिंतीच्या पायाशी बाहेरून भोकं असलेला पाइप उताराने बसवला. त्याच्याभोवती आणि भिंतीमागे फूटभर रुंदीची खडी, तिच्यात माती शिरू नये म्हणून मध्ये जाड कापड. पाइपाचं तोंड अंगणातल्या एका पक्क्या कुंडीत सोडलं आणि कुंडीवर पंप बसवला. भिंत पंधरा दिवस मुरल्यावरच मागचा भराव सुरू केला. तोही वीतभर थर घालून, धुमसून. काळी माती परत टाकली नाही, मुरूम आणला. सगळ्यात वर भिंतीपासून दूर उतार देऊन रायपुरी फरशी.

तुमच्या घरात तळघर असेल तर

• भिंतीला पोट आलं, आडवी भेग पडली किंवा दर पावसाळ्यात लोणा फुलू लागला, तर इंजिनीयरला दाखवा. रंग काढून लपवू नका.

• गच्चीचं आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या पायाशी सोडू नका. भिंतीलगत रोज पाणी लागणारी झाडं नकोत.

• भिंत पडली तर आधी माणसं बाहेर काढा, वीज आणि गॅस बंद करा. वरच्या मजल्याला टेकू लागेपर्यंत कोणीही खाली उतरू नये. सामान वाचवायलाही नाही.

• आराखडा, टेकू आणि खोल खोदाई ही जाणकारांच्या देखरेखीची कामं. दगड निवडणं, वाहणं, साचे भरणं, पाणी मारणं ही घरच्यांची.

• खोल खड्डा सरळ खणू नका. काठावर मातीचा ढीग लावू नका आणि आत एकट्याने उतरू नका.

• दगडी भिंतीत जोडदगड मोजून घ्या. भिंत पुरी झाल्यावर ते दिसत नाहीत.

• दुरुस्तीपूर्वी महापालिकेत चौकशी करा. सामायिक भिंत असेल तर खर्चाची वाटणी आधी कागदावर लिहा.

'पाणी आलं का?'

खर्चाची एकच वही होती. डाव्या पानावर सासऱ्यांचं अक्षर, उजव्या पानावर काकांचं. शेवटी हिशेब केला तेव्हा काकांचे काही पैसे जास्त गेले होते. सासऱ्यांनी ते त्याच दिवशी दिले आणि काकांनी मोजून घेतले. मला ते जरा कोरडं वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, ''तेच बरं. मागे न मोजता सोडलं, म्हणून तर इतकी वर्षं गेली.''

माजघरातली वाटणीची भिंत अजून तिथेच आहे. चुली दोनच आहेत. सगळं गोडीगुलाबीने एक झालं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पण तळघरात आता दोन्ही घरांच्या तांदळाच्या कोठ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि कागदावरच्या 'सामायिक' या शब्दाला अर्थ आलाय. दरवर्षी मृगाच्या आधी दोघांपैकी एक जण कुंडीतला गाळ काढतो. सम वर्षी सासरे, विषम वर्षी काका.

या भिंतीने २०२३, २०२४ आणि २०२५ असे तीन पावसाळे पाहिले. २०२३ चा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. रात्री जाग आली तर अंगणात दोन विजेऱ्यांचा उजेड. दोन्ही भाऊ छत्र्या घेऊन कुंडीवर वाकले होते.

''पाणी आलं का?'' सासऱ्यांनी विचारलं.

''आलं दादा,'' काका म्हणाले. ''बोटभर धार आहे.''

पाऊस चांगलाच जोरात होता. तरी दोघे बराच वेळ तिथेच उभे राहिले, भिंतीमागून निघून कुंडीत पडणारं ते गढूळ पाणी बघत.